हरभऱ्याएवढी गोळी

रखमाजी मेला त्या सकाळी त्याची सून सोनूबाई पांदीकडच्या वावरात शेवटची वेचणी करत होती. पौषातली थंडी अशी होती, की बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं फाटत होती आणि फाटल्याचं कळत नव्हतं. ओटी अर्धी भरली असेल, तेव्हा शेजारची नंदाबाई बांधावरून हाका मारीत आली.

"चल घरी. तुझा सासरा उठून नाही राह्यला," एवढंच ती म्हणाली.

सोनूबाईनं ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला, गाठ मारली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि मगच निघाली. पुढं लिंबोणी गावात या गोष्टीचीही चर्चा झाली. सासरा गेल्याचं कळलं, तरी बाईनं कापूस मागं टाकला नाही.

गोठ्याशेजारच्या पडवीत बाजेवर रखमाजी आडवा होता. ओठ निळे पडले होते आणि मिशीवर फेस वाळून पापुद्र्यासारखा झाला होता. पायथ्याशी त्याचा मुलगा कडूबा, म्हणजे सोनूबाईचा नवरा, गुडघ्यांत हात घालून बसला होता. कडूबाची धाकटी बहीण चतुराबाई गावातच दिलेली. तिचं सासर चार घरं सोडून. ती बापाच्या उशाशी होती. अंघोळ घालायला न्हावी आला. त्यानं डोळे मिटवायला पापणी ओढली, तसं चतुराबाईनं त्याचा हात धरला.

"थांब. हे बघा बाबाच्या डोळ्यात."

बाहुली मोहरीएवढी झाली होती.

"ह्याला घातलंय," चतुराबाई म्हणाली.

"काय घातलंय?" कुणीतरी विचारलं.

"हिला विचारा. रोज हिच्याच हातची गोळी खात होता."

रखमाजी तीस वर्षांचा अफू खाणारा. बायको मेल्यावर त्याचे हात थरथरायला लागले आणि अफूच्या खड्याचा तुकडा काढून गोळी वळायचं काम सुनेकडं आलं. त्याला अकरा वर्षं झाली होती. सकाळी हरभऱ्याएवढी एक. थंडीत दमा उसळला की दिवेलागणीला आणखी एक. हे गावाला माहीत होतं. पंधरा दिवसांमागं म्हाताऱ्यानं खोकताना धारेच्या दुधात थुंकी उडवली, तेव्हा सोनूबाई विहिरीवर चार बायांत "मरत बी न्हाई म्हातारा" म्हणाली होती, हेही गावाला माहीत होतं. असलं वाक्य त्या विहिरीवर रोज कुणी ना कुणी म्हणत असे. पण त्यातल्या कुणाचा सासरा मोहरीएवढ्या बाहुल्या घेऊन मेला नव्हता.

पोलीस पाटील काकासाहेब आले. बाजेला प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरले, मग कडूबाच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलले. पण पडवीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"माणूस सत्तरीचा. दमेकरी. थंडी ही अशी. मी दम्यानं गेला म्हणून लिहितो. तालुक्याला नेऊन मढं फाडायचं, म्हंजे तुमच्या घराची बेअब्रू अन् माझ्या गावाची बी."

कडूबानं मान वर केली नाही. खालूनच त्यानं बायकोला विचारलं, "काल किती दिल्ती?"

"रोजची. अन् सांजच्याला थंडीची एक."

"बराबर तेवढीच?"

सोनूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. सतरा वर्षांच्या संसारात त्यानं तिला मिठाचाही हिशेब विचारला नव्हता. पाटलांनी दार उघडून दिलं होतं. ती गप्प राहिली असती, तर दुपारपर्यंत सगळं जळून गेलं असतं. आणि हा प्रश्न तेवढा घरात राहिला असता.

"पाटील, दम्यानं लिहू नका," ती म्हणाली. "तालुक्याला न्या. काय फाडायचं ते फाडा."

"तुला कळतंय का, बोलून काय राह्यलीस?"

"कळतंय. गाडी जुंपा."

पाटलांनी घरात उरलेला अफूचा तुकडा कागदात बांधून पंचनाम्यात घेतला.

*

परतूर तीन कोस. मढ्यासोबत बाया जात नाहीत. सोनूबाई गेली; गाडीच्या मागून चालत. कडूबा बैल हाकत होता. वाटेत तो एकदाच बोलला, "दमली असशील तर बस," आणि बसायला जागा बापाच्या पायाशीच होती.

सरकारी दवाखान्याच्या मागं पत्र्याची खोली होती. आत काय चाललं ते दिसत नव्हतं. कवटीवर करवत चालल्याचा आवाज तेवढा आला. तो आल्यावर कडूबा उठून स्टेशनाच्या बाजूला निघून गेला. सोनूबाई बाभळीखाली बसून राहिली. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. तिशीतले, चष्मा, हाताला औषधाचा उग्र वास. त्यांच्या मागं शिपायानं रुंद तोंडाच्या काचेच्या दोन बरण्या आणल्या. तोंडाला फडकं, त्यावर लाखेची मोहर.

"ह्यात काय हाय?" तिनं विचारलं.

"पोट, आतडी, यकृताचा तुकडा. मिठाच्या पाण्यात. रेल्वेनं हैदराबादला जाईल, तिथं तपासतील."

"लोणच्यावानी," शिपाई म्हणाला आणि हसला. डॉक्टरांनी बघितल्यावर गप्प झाला.

"काय निघंल त्यातून?"

"ते मी आत्ताच सांगतो. अफू निघेल."

"मी कुठं न्हाई म्हणते? मीच दिली."

"कुणाच्या हातची, ते त्या कागदावर येत नाही बाई. रोजच्याएवढी होती की मारायला दिलेली, तेही येत नाही."

"मंग कागद कशाच्या कामाचा?"

डॉक्टरांनी तिला बारीकसारीक विचारलं. किती वर्षं खात होते, केवढी, कधी, आणायचं कुठून. बोलता बोलता त्यांनी एक वही उघडली आणि पेन्सिलीनं लिहून घेतलं.

"दीड महिन्यात हा तिसरा," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तिघंही म्हातारे, तिघंही जुने खाणारे. नवखा माणूस अफूनं मरतो. तीस वर्षं खाणारा असा मरत नाही." मग तिच्याकडं वळून म्हणाले, "घरात आणखी काही सापडलं, कसलीही पुडी, कसलाही खडा, तर फेकू नका. माझ्याकडं आणा."

जमादारानं तिचा जबाब घेऊन अंगठा उठवला. कागद येईपर्यंत तालुका सोडायचा नाही, असं बजावलं. रखमाजी शिवून, पांढऱ्या कापडात बांधून परत मिळाला.

*

त्या रात्री कडूबा जेवायला बहिणीकडं गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. तो भांडला नाही, काही बोललाही नाही. सकाळी उठून बैलांचं शेणपाणी करायचा, वावरात राबायचा आणि भाकरीच्या वेळेला चार घरं सोडून चतुराबाईच्या ओट्यावर दिसायचा. पहिले तीन दिवस सोनूबाईनं दोघांच्या भाकरी थापल्या. चौथ्या दिवशी एकीच्या थापल्या. उरलेलं पीठ परत डब्यात टाकताना तिच्या लक्षात आलं, की आपण डब्याचं झाकण फार जोरात लावलं.

ज्वारी काढणीला आली. बायांच्या पाती लागल्या. सोनूबाईच्या दोन्ही बाजूंची पात रिकामी राहू लागली. दुपारी पाण्याचा तांब्या फिरला तर तिच्यापाशी येऊन थांबायचा. तिच्या हातचं पुढं कुणी घेत नव्हतं. एक दिवस सगुणाबाई, जिची जीभ गावात सगळ्यांत लांब, ओळीच्या टोकावरून ओरडली, "सोनूबाई, आमच्या सासूला बी एक गोळी कर की! लई छळून राह्यली."

बाया हसल्या.

"आण तिला," सोनूबाई ज्वारीचं ताट उपटता उपटता म्हणाली. "आधी मी खाईन, मंग तिला देईन. अन् तू समोर बसून बघ. हाय हिंमत?"

हसू थांबलं. तिची पात त्या दिवशी सगळ्यांच्या आधी बांधाला लागली.

चतुराबाई समोरासमोर काही बोलत नसे. पाणवठ्यावर दुसरीला सांगायची, हिला ऐकू जाईल असं: "हैदराबादहून कागद येऊ द्या. मंग बघते कोण कुणाच्या घरात राहतं." बापाच्या मायेनं ती बोलत होती. हे सोनूबाईला कळत होतं आणि त्यामुळं तिच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

तेराव्याला म्हाताऱ्याचे कपडे न्हाव्याला द्यायचे म्हणून काढले. कडूबानं बंडी झटकली. आतल्या खिशातून फडक्यात बांधलेला खडा पडला, सुपारीएवढा, काळपट. अडीअडचणीला म्हणून म्हाताऱ्यानं मागं टाकलेली अफू.

"नदीत टाक ते!" चतुराबाई ओरडली.

सोनूबाईनं तो उचलला. अकरा वर्षांची सवय होती. तिनं नकळत नखानं कोर काढली. कोर भुगा होऊन पडली. तिनं पुन्हा काढली, पुन्हा भुगा.

महिन्याभरामागं कडूबानं परतूरहून जो नवा खडा आणला होता, तो असा नव्हता. तो मऊ होता, बोटाला चिकटायचा, वळायला सोपा. त्याला वास होता. पहिल्या दिवशी ती गोळी खाऊन म्हातारा दुपारभर झोपला आणि उठल्यावर म्हणाला, "पोरी, ह्या बारीची अफू देवाघरची हाय." आठवडाभर त्याचा खोकला बंद होता. तिला बरं वाटलं होतं. रात्री झोप मिळाली होती. मग थंडी वाढली आणि तिनं सांजची दुसरी गोळी सुरू केली, दर हिवाळ्याला करायची तशी.

तिनं खडा परत फडक्यात बांधला आणि फडकं कमरेला खोचलं.

"कुठं ठेवतीस ते?" कडूबानं विचारलं. इतक्या दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदा आपणहून बोलला होता.

"बाजारच्या दिवशी कळंल," ती म्हणाली.

*

परतूरचं अफूचं दुकान तीन महिन्यांपूर्वी सोहनलालकडं आलं होतं. पोलीस ॲक्शनला चार वर्षं झाली होती. आबकारीचे नियम नवे झाले होते. जुन्या ठेकेदाराचा ठेका गेला, तो माणूस गाव सोडून गेला. आता सरकारी वडी सीलबंद यायची आणि खाणाऱ्यांची नावं वहीत लिहून द्यायची. सोहनलालचं घराणं मारवाडातलं. पण त्याच्या आजोबापासून परतुरात. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. गादी, छोटा पितळी काटा, आणि मागं पडदा.

"शेटजी, तुमच्या मालाची चौकशी करायचीय," सोनूबाई उंबऱ्यापाशी बसत म्हणाली.

सोहनलालनं चष्मा सारखा केला. "बोला बाई. पण आधीच सांगतो, माझ्याकडं मिलावट बिलकुल नाही. सील तुमच्यासमोर तोडतो, तुमच्यासमोर जोखतो. सगळा तालुका बोलतो, शेटजीचा माल नंबर एक."

"तेच म्हणून राह्यले मी. आधीचा कसा होता?"

"आधीचा म्हणजे?"

तिनं फडकं सोडलं. सोहनलालनं खडा उचलून नाकाशी नेला. कपाळाला आठी पडली. त्यानं वाटीत पाणी घेतलं, खड्याचा तुकडा आत टाकून बोटानं ढवळला. पाणी पानाच्या पिचकारीसारखं लाल झालं. खाली रेती बसली.

"कात आहे," तो म्हणाला. "जळका गूळ आहे. ही माती."

"अन् अफू?"

"असेल. चौथा हिस्सा. कदाचित तेवढीही नाही."

"शेटजी, माझा सासरा ही हरभऱ्याएवढी खायचा. तुमची आणली, ती बी मी हरभऱ्याएवढीच केली."

सोहनलालचं बोट वाटीतच राहिलं. लाल पाणी त्याच्या मनगटावरून गादीवर ओघळलं, तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

"मी तर चोख दिली," तो म्हणाला. मग पुन्हा, हळू, "मी चोखच दिली, बाई."

पडद्यामागून त्याच्या बायकोचा, भगवतीदेवीचा आवाज आला. "नावं लिहिलीत ना वहीत? मग वाचा. जल्दी."

त्यानं वही ओढली. दोन नावांवर बोट थांबलं. "आष्टीकडचा एक गेला. आणि ही पानबाई. आमच्याच गल्लीतली. ऐंशी वर्षांची." त्यानं नावावरून बोट फिरवलं. "मी खांदा दिला होता तिला. लोक बोलले, वय झालं होतं." पुढचं पान उलटलं. "लिंबोणी. रखमाजी, तुमचे. आणि हा लिंबोणीचाच. कारभारी. मागच्या बाजाराला, पहिल्यांदाच नेली."

कारभारी म्हणजे चतुराबाईचा सासरा.

सोनूबाईला डबा आठवला. ठेका बदलणार हे कळताच कारभारीनं जुन्या ठेकेदाराकडून डबाभर अफू आणून ठेवली होती. डबा सरला नव्हता म्हणून तो आजवर जिवंत होता. नवी घरात येऊन आठ दिवस झाले होते. ती उघडली असेल की नसेल, हे चतुराबाईलाच ठाऊक.

उंबऱ्यावरून उठताना सोनूबाईच्या मनात एक विचार आला. कारभारी असाच गेला, चतुराबाईच्या हातची गोळी खाऊन गेला, तर मला कुणाला काही सांगावं लागणार नाही. विचार पुरा झाला आणि तिचे पाय दवाखान्याकडं निघाले होते.

वाटी आणि वही घेऊन सोहनलालही तिच्या मागोमाग आला. डॉक्टरांनी दोघांचं ऐकलं, वाटी नाकाशी धरली, आपली वही काढली आणि सोहनलालच्या वहीतल्या तारखा तिच्याशी लावून बघितल्या. पहिला मेला तो नवा माल नेल्यावर नऊ दिवसांनी. पानबाई बारा. रखमाजी अकरा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हा खडा आणि पंचनाम्यातला, दोन्ही हैदराबादला पाठवतो. पत्रात सगळं लिहितो," ते म्हणाले. "पण पत्राला वेळ लागेल. तुम्ही गावी जा. म्हाताऱ्यानं घेतली असेल आणि झोपला असेल, तर झोपू द्यायचं नाही." त्यांनी कागदात जांभळ्या दाण्यांची पुडी बांधली. "पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात ती. घागरीत चिमूटभर, पाणी गुलाबी होईल एवढीच. पाजा, ओकवा, परत पाजा. काळा चहा द्या. आणि चालवा. पाय ओढला तरी चालवा. समोरचे पेशंट संपले की मी सायकलनं येतो."

सोहनलालनं घरी जाऊन दमणी जुंपली. भर बाजाराच्या दिवशी भगवतीदेवीनं दुकानाला कुलूप घातलं. दारात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना ती म्हणाली, "आज मिळणार नाही. कालची असेल ती चौथाई करून खा. मी सांगते म्हणून खा."

*

लिंबोणीच्या शिवारात खळी लागली होती. चतुराबाईच्या खळ्यावर कडूबा पात हाकत होता. मधल्या तिवड्याच्या खांबाभोवती चार बैल गोल फिरत होते, पायाखाली कणसं चुरत होती. खळ्याच्या कडेला कडब्याच्या पेंढ्यांना टेकून कारभारी उन्हात झोपला होता.

दमणी बांधाशी थांबायच्या आत सोनूबाई उतरली. चतुराबाई सूप टाकून आडवी आली.

"तू? माझ्या खळ्यावर पाय ठेवायची हिंमत कशी झाली?"

"नवी अफू उघडली का?"

"तुला काय करायचं?"

"उघडली का, वन्सं?"

"आज उघडली. जुनी सरली. रात्रभर खोकत होता, दोन दिल्या. झोपलाय जरा, तर आली त्याला बी खायला."

कारभारीचा श्वास ऐकू येत होता. एक घोरणं, मग काहीच नाही. आपल्याला श्वास घ्यायचा आठवावा इतका वेळ काहीच नाही. मग पुन्हा एक. सोनूबाईनं त्याची पापणी वर ओढली आणि बाजूला सरकली.

"बघा."

चतुराबाई वाकली. वाकली ती तशीच राहिली. ती बाहुली तिनं याआधी एकदा पाहिली होती.

"मी हरभऱ्याएवढीच दिल्ती," ती म्हणाली. "आईची आण. रोजचीच दिल्ती."

"ठाऊक हाय. पाणी आणा."

घागरीत दाणे पडले, पाणी गुलाबी झालं. सोहनलालनं मागून धरलं, सोनूबाईनं जबडा दाबला, चतुराबाईनं ओतलं. अर्धं मानेवरून गेलं. सोनूबाईनं त्याच्या घशात बोटं घातली. म्हाताऱ्यानं दात मारला, तरी काढली नाहीत. तो ओकला. पुन्हा पाजलं. पुन्हा ओकला, लुगड्यावर, सोहनलालच्या धोतरावर. मग दोघींनी दोन बगला धरून त्याला उभा केला आणि खळ्यात आणला. सारवलेली जमीन, ठेचायला दगड नाही. कडूबानं बैल सोडून बाजूला बांधले.

"चला मामा," सोनूबाई म्हणाली.

पाय लोंबत होते. कणसांत रेघ ओढत गेले. एक फेरा, दुसरा. मान पडली की चतुराबाई तोंडावर पाणी मारायची. सोहनलालनं तीन दगडांवर काळा चहा उकळला. कारभारी चांगला हाडापेराचा होता. पाचव्या फेऱ्याला चतुराबाईचा खांदा गेला. कडूबा पुढं झाला आणि त्यानं ती बगल धरली. एका बाजूला नवरा, एका बाजूला बायको, मधे म्हातारा. बाया दुसऱ्या खळ्यांवरून येऊन उभ्या राहिल्या, सगुणाबाईही होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा म्हाताऱ्याच्या पायांनी पहिल्यांदा जमीन पकडली. त्यानं जड जिभेनं विचारलं, "मला काय... बैल समजून राह्यले का रे?"

"बैल बरा," सोनूबाई म्हणाली. "बैल चालता चालता झोपत न्हाई. चला."

चतुराबाई हसली आणि हसता हसता मटकन खाली बसून रडायला लागली.

डॉक्टर आले तेव्हा दिवस मावळत होता. सायकल बांधाला टेकवून त्यांनी बॅटरीनं डोळे बघितले, घड्याळ धरून श्वास मोजले आणि पुन्हा मोजले. "आणखी दोन तास झोपू देऊ नका," ते म्हणाले. "उद्या एकदम बंद करू नका, त्यानंही माणूस मरतो. चौथाई द्या. ही गोष्ट मी माझ्या सहीनं फौजदाराला लिहून देतोय, आणि आबकारीला. दवंडीही पिटायला सांगतो."

"दवंडीची वाट कशाला?" सोहनलाल म्हणाला. "वहीत अजून नऊ नावं आहेत. उद्या सकाळी मीच फिरतो." ओकारीनं भरलेलं धोतर तसंच घेऊन तो दमणीत बसला.

कारभारी घोंगडी पांघरून पेंढीवर बसला होता, चहाला नावं ठेवत. दोन्ही बाया खळ्याच्या मधोमध उभ्या होत्या.

"बाबाला बी असंच फिरवलं असतं तर?" चतुराबाईनं विचारलं.

खोटं बोलायला सोपं होतं.

"वाचले असते," सोनूबाई म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. मीच दिली, वन्सं. पण घातली न्हाई."

चतुराबाई खळ्यावरच्या झोपडीत गेली आणि नवा खडा घेऊन आली. मऊ, बोटाला चिकटणारा. तिनं तो भावजयीपुढं धरला.

"उद्याची किती करू, वैनी? तू सांग."

"मुगाएवढी. करा, मी बघते."

चतुराबाईनं नखानं कोर काढली, वळली, तळहात पुढं केला. सोनूबाईनं मान हलवली. "मोठी हाय." चतुराबाईनं चिमटीनं काढली. "अजून." पुन्हा काढली. कडूबा बैलांची दावी हातात घेऊन घरी जायला उभा होता, तो थांबला. तिसऱ्या वेळेला सोनूबाईनं ती गोळी चतुराबाईच्या तळहातावरून उचलली, उजेडाकडं धरून बघितली आणि परत ठेवली.

"बराबर."

"एवढीशी?" पेंढीवरून कारभारी ओरडला. "दोघी मिळून मारता का मला?"

मग चतुराबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "हो. गप बसा."